लेकींना वगळून ही मोजणी होत नाही : खान्देशातल्या एका घराच्या हृदयविकाराचं प्रकरण

रुग्ण ४३ वर्षांचा शेतकरी. अंगाने सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ, मांसाहार कधीचाच सुटलेला, दारू-तंबाखूला हात नाही. पारोळा-अमळनेर पट्ट्यातलं गाव, घरची कापूस-मक्याची शेती. माघ महिन्यात मक्याला पाणी भरायला तो रात्रपाळीच्या लाइटीवर शेतात गेला. पहाटे तीनच्या सुमारास छाती भरून आली, कळ जबड्यापर्यंत गेली, थंडीत अंगाला दरदरून घाम सुटला. पित्त असेल म्हणून त्याने सोडा घेतला आणि बांधावर बसून राहिला. उजाडल्यावर स्वतः मोटारसायकल चालवत घरी आला. ईसीजी निघेपर्यंत नऊ वाजून गेले होते. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका होता. जळगावला हलवलं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, माणूस वाचला. मधल्या सहा तासांत हृदयाचा जो स्नायू गेला तो मात्र गेलाच. १०८ ला फोन तीन वाजताच झाला असता तर त्यातला बराचसा राहिला असता.

गावात एकच चर्चा: माळकरी माणसाला झटका येतोच कसा?

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. इथे मांडलेलं कुटुंब एकाच उंबऱ्यातलं नाही. आमच्या भागात पुन्हा पुन्हा दिसणारी घरं जुळवून ते उभं केलं आहे, म्हणजे कोणा एकाची ओळख पटायला नको. रक्ताचे आकडे मात्र अशा घरांत येतात तसेच आहेत.

माळकरी माणसाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या फाइलमध्येच होतं. दाखल झाल्या दिवशी काढलेल्या रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २३८ होतं. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत सगळं ठीक, साखर नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे ते वाढलेलं नव्हतं. मोठ्या माणसात एलडीएल १९० च्या वर दिसलं की आहाराला दोष देण्याआधी रक्ताच्या नात्यांकडे बघावं लागतं. मी त्याला पाय सोडून बसायला सांगितलं आणि टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, चिमटीत धरली. ती दोन्ही पायांना दोरखंडासारखी जाड, गाठाळ लागत होती. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं होतं. सत्तरीच्या माणसात ते दिसलं तर त्याचं काही वाटत नाही, पण पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर थांबून विचार करावा लागतो. टाचेची ही कोलेस्टेरॉल साठून झालेली गाठ त्याला वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून होती. चप्पल घासून घट्टा पडला, असं त्याने समजून घेतलेलं.

या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याचं काम यकृताच्या पेशींवर असलेले रिसेप्टर करतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन संशोधकांनी हे काम उलगडलं आणि त्यासाठी १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून बिघडलेलं जनुक आलं की निम्मे रिसेप्टर कामाचे राहत नाहीत. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारातले निम्मे वजनकाटे बंद असले की गाड्यांची रांग रस्त्यावर येते, तसं एलडीएल रक्तात तुंबून राहतं. आणि हे चाळिशीला सुरू होत नाही, जन्मापासून चालू असतं. चाळिशीच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांनी तोवर इतरांच्या साठ-सत्तर वर्षांइतकं कोलेस्टेरॉल सोसलेलं असतं. उपचार नसतील तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत आणि बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत हृदयाचा त्रास गाठतो. दर अडीचशे माणसांत साधारण एकाला हा दोष असतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख होती. ही सरासरी लावली तर एकट्या जिल्ह्यात अशी सतरा हजारांच्या आसपास माणसं असायला हवीत. त्यातल्या बहुतेकांना आपला आकडा ठाऊकही नाही.

आता घराण्याचा इतिहास. या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ मी त्यालाच दिला, आणि तो द्यावाच लागतो.

दवाखान्याच्या फॉर्मवर ‘कुटुंबात हृदयविकार आहे का?’ असा प्रश्न असतो. या घराने आधी दोनदा ‘नाही’ असं उत्तर दिलेलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. वडील ४६ व्या वर्षी वैशाखात शेतात कोसळले, तर ‘ऊन लागलं’. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. मोठे चुलते ५१ व्या वर्षी रात्री विहिरीवर गेले ते परत आले नाहीत, तर ‘पान लागलं’, म्हणजे सर्पदंश. दंशाची खूण कोणी पाहिली नव्हती. आजोबा बैलगाडीत बसल्या बसल्या गेले, तर ‘करणी’. तीन मृत्यूंना तीन कारणं मिळाली आणि घरात हृदयविकार उरलाच नाही. म्हणून मी आजाराचं नाव घेणं सोडून दिलं आणि त्याच्या आईसमोर बसून एकेका माणसाबद्दल तीनच गोष्टी विचारल्या: कितव्या वर्षी गेले, तेव्हा काय करत होते, आणि किती वेळात गेले. म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमना घरना मानसे पन्नाशी दखतस नही.” (आमच्या घरची माणसं पन्नाशी बघत नाहीत.) तिला सगळं माहीत होतं. तोवर कोणी तिला विचारलंच नव्हतं.

वंशावळ कागदावर मांडताना आणखी एक गोष्ट निघाली. रुग्णाची एक आत्या होती, धुळ्याला दिलेली. ५८ व्या वर्षी वारली. मुलांनी सांगितलेल्या यादीत तिचं नावच नव्हतं, कारण ती ‘दुसऱ्या घरची’. आईने आठवण काढली तेव्हा कळलं की आत्याची बायपास झाली होती आणि तिच्या मुलाकडे कागदपत्रं जपलेली आहेत. अख्ख्या घराण्यात हृदयविकाराचा लेखी पुरावा असलेली ती एकटी, आणि तीच मोजणीतून सुटलेली. जवळच्या नात्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोक्याचा इतिहास धरतात. या घरात तो दोन पिढ्या समोर उभा होता.

कुळ आणि रक्त यांचे रस्ते वेगळे आहेत. सून कुळात येते, तिच्या रक्ताचा या आजाराशी संबंध नसतो. लेक कुळातून जाते, आणि बापाचं जनुक तिच्याकडे आलेलं असण्याची शक्यता भावाइतकीच, म्हणजे निम्मी असते. ते घेऊन ती सासरी जाते आणि तिथे तिच्या मुलांनाही तीच निम्मी शक्यता लागू होते. म्हणून अशा घरात तपासणी रक्ताच्या नात्यांनी एकेक पायरी पुढे नेतात. आधी सख्खी भावंडं आणि मुलं, त्यांत कोणी सापडलं की त्याची मुलं, मग चुलत, आते, मामे. जनुकांची चाचणी मिळते, पण ती महाग आहे आणि ती नकारात्मक आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. साध्या लिपिड प्रोफाइलवर, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीवर, बहुतेक काम भागतं. एलडीएलसाठी उपाशीपोटीच यावं असंही बंधन नाही. खेड्यात ही फार सोयीची गोष्ट आहे.

सख्ख्यांची तपासणी फाल्गुनातच झाली. थोरला भाऊ, वय ४९, एलडीएल ११८. धाकटा, वय ३६, सुरतेला उधन्यात कापडाच्या कामावर, एलडीएल २५२, वर दिवसाला बिडीचं बंडल. रुग्णाचा १३ वर्षांचा मुलगा ९२. आणि १८ वर्षांची मुलगी २०१.

बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा सापडली. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येतेच, त्यामुळे अशा तपासणीला याहून चांगला मुहूर्त नाही. वय ४६. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात कोलेस्टेरॉलचे पिवळसर चट्टे होते, ते काढायला ती पार्लरमध्ये विचारून आलेली. एलडीएल २३१. तिच्या २२ वर्षांच्या मुलाचं २१४.

चुलत भावांचं अवघड होतं. बांधावरून सात-आठ वर्षं बोलचाल बंद. पण श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे भाऊबंदांनी मिळून करायचा देवीचा नैवेद्य, असतात. सुरतेपासून नाशिकपर्यंत पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावात येतात, आणि रोटाला भांडण आड येऊ देत नाहीत. विसर्जन आटोपल्यावर सोमवारी दुपारी तालुक्याच्या लॅबचा मुलगा सुया-बाटल्या घेऊन ओसरीवर बसला. थोरला चुलत भाऊ बराच वेळ दाराशी उभा होता. शेवटी बाही वर करत म्हणाला, “रगत दिसू, पन बांध सोडसू नही.” (रक्त देईन, पण बांध सोडणार नाही.) त्याचं एलडीएल २१९ निघालं, त्याच्या धाकट्याचं १०९.

इतकी नावं कागदावर आल्यावर घरात खरी भीती शिरली. ती झटक्याची नव्हती, पोरीच्या लग्नाची होती. “हे बाहेर कळलं तर पोरीला कोण करेल?” हा प्रश्न रुग्णाच्या बायकोने मला दार लोटून विचारला. त्यात आणखी एक गाठ होती. या मुलीचं आत्याच्या त्या २२ वर्षांच्या मुलाशी जमवायचं, असं दोन्ही घरांत लहानपणापासून बोललं जायचं. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे काही समाजांत आहे, आणि एरवी मी त्यात पडले नसते. पण इथे दोघांनाही दोष आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात दोन्हीकडची बिघडलेली जनुकं एकत्र येण्याची शक्यता चारात एक असते. तसं मूल जन्मलं तर त्याचं एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे जाऊ शकतं, कातडीवर आणि सांध्यांवर लहानपणीच गाठी येतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर शाळकरी वयात किंवा विशीच्या आत हृदयविकार होतो. साध्या गोळ्यांना ते पुरतं दादही देत नाही. दोघांनी वेगवेगळ्या, हा दोष नसलेल्या घरांत लग्न केलं तर मुलांना निम्मी शक्यता राहते, आणि तीही एकाच जनुकाची, गोळीने आटोक्यात येणारी.

हे मी आजी, आत्या, आई आणि ती मुलगी अशा चौघींना एकत्र बसवून सांगितलं. मुलीलाच पहिल्यांदा समजलं. ती बारावी सायन्सला होती, वहीत चौकोन काढून तिने हिशोब मांडून दाखवला. तिच्यासाठी ठरलं ते असं: आहार, रोजचं चालणं आणि स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची, कमी मात्रा. अशा मुलांना स्टॅटिन आठ-दहा वर्षांपासूनही देतात, त्यामुळे अठराव्या वर्षी घाई केली असं नाही. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा गोळी आधी थांबवायची आणि डॉक्टरांना सांगून थांबवायची, ही सूचना तिच्या फाइलवर लाल पेनने लिहिली आहे. लग्नाची ती बोलणी दोन्ही घरांनी कोणाचंही मन न दुखवता बाजूला ठेवली. मला या घराबद्दल आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

आता ताटाकडे. माळकरी म्हणजे पथ्याचं खाणं, असं आपण धरून चालतो. या माणसाच्या घरी म्हैस होती. रोज साईसकट दूध दोन वेळा, भाकरीवर लोणी, सणाला आणि पंगतीत तळलेली बट्टी, वरून वरणात तुपाची धार, आणि आठवड्यातून दोनदा तर्री तरंगणारी शेवभाजी. कोणाला काय खाता असं विचारलं तर उत्तर मोघम येतं. मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, एवढंच विचारलं की पंधरा किलोचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो. सहा माणसांच्या घरात तो दोन महिन्यांत संपत होता. माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत राहायचं तर तोच डबा चार महिने जायला हवा. तेव्हापासून त्या डब्यावर खडूने तारीख लिहितात. पहिल्या वेळी तीन महिने गेला.

शहरी डाएटचा छापील कागद मी त्यांना दिला नाही. ओट्स आणि ऑलिव्ह तेल लिहून दिलं की घर दोन आठवड्यांत सोडून देतं, आणि आपल्याला पथ्य जमत नाही एवढंच शिकतं. खान्देशच्या ताटात हवं ते आहेच. उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, दादर ज्वारी, मटकी, चवळी, मेथी, बेताच्या तेलातलं वांग्याचं भरीत, मूठभर शेंगदाणे, केळी. कमी करायचं ते साय, लोणी, वनस्पती तूप, बाहेरची शेव-भजी, एकदा तापलेलं तेल पुन्हा वापरणं, आणि पापड-लोणच्यातलं मीठ. मिठाचं सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत यावं. म्हशीचं दूध विकायचं आणि घरात साय काढलेलं ठेवायचं, हा तोडगा वहिनींचा.

पण इथे स्पष्ट बोलायला हवं. या आजारात चांगल्यातला चांगला आहारसुद्धा एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवतो. २३८ चे २०५ होतात, आणि २०५ वर दुसरा झटका येतो. लसूण, काढे, अर्जुनाची साल, व्हॉट्सअॅपवर फिरणारा लिंबू-आल्याचा रस यांच्या भरवशावर गोळी सोडणं हा अशा माणसाचा जीव धोक्यात घालण्याचा प्रकार आहे. हे मी रुग्णासमोर, त्याच्या मित्रांसमोर आणि भजनी मंडळातही बोलले आहे. जोरदार मात्रेतलं स्टॅटिन एलडीएल निम्म्यावर आणतं, एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडली की आणखी सुमारे २० टक्के कमी होतं. दोन्ही जेनेरिक दुकानात स्वस्तात मिळतात. आपल्या माणसाचा आकडा तीन महिन्यांनी ७८ झाला. झटका येऊन गेलेल्या माणसाला ५५ च्या खाली हवा, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी बेम्पेडोइक अॅसिडची तिसरी गोळी जोडली. आता ६१ वर आहे.

मग आहार-व्यायामाचं काम काय? २०१६ साली ५५ हजारांवर लोकांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित हालचाल आणि बरा आहार यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांना हृदयविकार ४६ टक्क्यांनी कमी झाला. तो अभ्यास अनेक जनुकांच्या एकत्रित धोक्याचा होता, या एका जनुकाचा नव्हे. तरी त्यातली दिशा या घराला लागू पडते. गोळी एलडीएल उतरवते, बिडीने रक्तवाहिनीला होणारी इजा ती भरून काढत नाही.

म्हणून मला धाकट्याची सर्वांत जास्त काळजी होती. २५२ आणि बिडी. त्याने तीन महिने गोळ्या घेतल्या, आकडा ११० वर आला, आणि ‘नॉर्मल झालं’ म्हणून बंद केल्या. सुरतेतल्या कोणीतरी वर सांगितलं की या गोळीने लिव्हर जातं. दिवाळीला आला तेव्हा आकडा पुन्हा अडीचशेजवळ. लिव्हरला गंभीर इजा फार क्वचित होते, काहींना अंग दुखतं, तेव्हा मात्रा किंवा गोळी बदलता येते. हे मी त्याला रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं. आकडा गोळी चालू आहे म्हणून उतरलेला असतो, हे त्याला बहिणीने पटवलं, माझ्याने ते झालं नाही. ती रोज रात्री त्याला फोन करते आणि दोघं एकाच वेळी गोळी घेतात. बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही. बंडलावरून दिवसाला तीन-चारवर आली आहे, आणि तीन-चारही नकोत.

थोरल्या भावाची, म्हणजे जिभाऊंची, गोष्ट वेगळ्या अर्थाने शिकवणारी आहे. बापाचं जनुक त्यांच्याकडे आलेलंच नाही. रिपोर्ट बघून ते मोकळे झाले, ‘मी सुटलो’ म्हणून. कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर, बीपी १५८/९६, तोंडात तंबाखू-चुना. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० च्या आत हवा. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट अभ्यास २००४ साली आला. त्यात झटक्याच्या धोक्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग नऊ साध्या गोष्टींनी समजावता आला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्यांची कमतरता, बैठेपणा या त्यातल्याच. याच अभ्यासात दक्षिण आशियाई माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. जिभाऊ ४९ चे. त्यांना बीपीची गोळी सुरू केली आणि गावच्या उपकेंद्रात आशाताईंच्या यादीत नाव घातलं. शेतात आता ते पायी जातात. तंबाखूवर आमचं अजून जमलेलं नाही.

तपासलेल्या नऊ रक्ताच्या नातेवाइकांपैकी रुग्ण धरून सहा जणांत दोष निघाला. झटका एकालाच आला होता. बाकी पाच जण स्वतःला ठणठणीत समजत होते. चुलत भाऊ गोळी नियमित घेतो आणि रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो. बांधाचा दावा चालूच आहे.

चुलत्यांची लेक नंदुरबारकडे दिलेली आहे. तिची तपासणी राहिली आहे, सासरच्यांना सांगायला ती कचरते. तिला दोन मुलं आहेत, मोठा नऊ वर्षांचा. आखाजीला ती येते आहे, आणि तिच्या भावाने लॅबवाल्या मुलाला तारीख देऊन ठेवली आहे.